समुद्री कॅम्पेनमध्ये जहाज दर वेळी हाताबाहेर जातं: कारण आणि उपाय

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळात समुद्रावरची कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी सलग कथा, सुरुवातीला छान चालते. खेळाडूंना पहिलं जहाज मिळतं, त्याचं नाव ठरवण्यात अर्धं सेशन जातं. मग सोनं हाती आलं की प्रत्येक बंदरात काहीतरी नवीन लागतं. इथे चार तोफा, तिथे बाजूंना लोखंडी पत्रे, पुढच्या बंदरात नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उंच बुरूज. तिसऱ्या-चौथ्या बदलानंतर त्या जहाजाला भारी पडेल असं समुद्रात काही उरत नाही. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, शत्रूची जहाजं दुप्पट करतो, खेळाडू आणखी तोफा घेतात, लढाया तासन्‌तास लांबतात, आणि शेवटी डीएम कंटाळून क्राकेनसारखा एखादा समुद्रराक्षस पाठवतो किंवा कथाच जमिनीवर आणतो. धरमपेठेपासून मनीषनगरापर्यंत नागपुरातल्या ज्या ज्या टेबलांबद्दल ऐकलं, तिथली समुद्री कॅम्पेन याच ठिकाणी येऊन अडकतात.

यात खेळाडूंना दोष देऊ नका. "भाऊ, पैसे आहेत ना, मग तोफ काऊन नाही लावायची?" हा प्रश्न रास्त आहे. जहाजावर मर्यादा फक्त पैशाची ठेवली आणि पात्रांची लेव्हल वाढत गेली की पैसा ही मर्यादा राहत नाही. जहाजाच्या खऱ्या मर्यादा वेगळ्या असतात: वजन कुठे ठेवलंय, जागा किती उरली, आणि काम करायला हात किती आहेत. त्या जहाजाच्या शीटवर, म्हणजे नोंदीच्या कागदावर, आणल्या की बिघाड बहुतेक आपोआप सुटतो. आपल्या नागपुरापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. बहुतेकांनी पाणी पाहिलंय ते फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाचं. त्यामुळे शिडाच्या जहाजाचा अंदाज व्हिडिओ गेममधून येतो, आणि तिथे वजनाला काही अर्थच नसतो.

खालचे आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांवर बेतले आहेत. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदला, पद्धत तीच राहू द्या.

आधी पत्रा तपासा

हा बिघाड सगळ्यात जास्त आढळतो आणि पाच मिनिटांत दुरुस्त होतो. म्हणून इथून सुरू करा.

त्या नियमांत साधं शिडाचं जहाज १०,००० सुवर्णमुद्रांना मिळतं. एसी (मारा लागायला गाठावा लागणारा आकडा) १५, एचपी (किती नुकसान सोसतं तो आकडा) ३००, डॅमेज थ्रेशोल्ड १५, खलाशी २०, माल १०० टन. थ्रेशोल्ड म्हणजे एका फटक्यात १५ पेक्षा कमी नुकसान झालं तर ते शून्य धरायचं. खेळाडू लोखंडी पत्रे मागतात तेव्हा बहुतेक डीएम थ्रेशोल्ड ५ ने वाढवून देतात. ५ म्हणजे किरकोळ वाटतात, आणि तिथेच घात होतो.

बॅलिस्टा, म्हणजे मोठे बाण फेकणारं यंत्र, याचं नुकसान ३ डी १०. तीन दहापैलू फासे टाकून येऊ शकणाऱ्या १००० जुळण्यांपैकी ६४८ मध्ये बेरीज १५ किंवा जास्त येते. म्हणजे लागलेल्या शंभर बाणांपैकी साधारण ६५ बाण जहाजाला खरंच इजा करतात. थ्रेशोल्ड २० केला की १००० पैकी २८३ उरतात. दुसरा थर चढवून २५ केला की फक्त ५६. दोन थरांत शत्रूचा बॅलिस्टा शंभरातून ६५ वरून ५-६ वर आला. तुमच्या चाच्यांच्या जहाजावर चार बॅलिस्टा असले तरी ते आता फक्त शोभेचे आहेत. मग डीएमला तोफा आणाव्या लागतात. तोफेचं नुकसान ८ डी १०, म्हणजे सरासरी ४४. आणि तोफा शत्रूकडे आल्या की लुटीत खेळाडूंकडेही येतात. शस्त्रस्पर्धा इथूनच सुरू होते.

उपाय: थ्रेशोल्ड कधीच वाढवायचा नाही, कोणत्याही किमतीला नाही. पत्र्याला वेगळे एचपी द्या, बाजूनिहाय. डावीकडच्या पत्र्याला ५०, उजवीकडच्याला ५०. डावीकडून आलेला मारा आधी डावा पत्रा खातो, तो संपला की पुढचं सगळं सांगाड्यावर. यामुळे पत्रा उपयोगी राहतो आणि कुठली बाजू शत्रूकडे करायची हा निर्णय दर फेरीला घ्यावा लागतो. सुकाणू धरणाऱ्याला काम मिळतं, ते वेगळंच.

तोल: ज्यावर सगळं उभं आहे

१० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून वासा नावाची स्वीडनच्या राजाची युद्धनौका पहिल्या सफरीला निघाली. दोन मजल्यांवर तोफा, एकूण ६४, त्यांतल्या बहुतेक एकेक टनाहून जड. निघण्याआधी तिची परीक्षा घेतली होती: ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं, तर जहाज इतकं डोलायला लागलं की परीक्षाच थांबवावी लागली. तरीही ती सोडली. साधारण १,३०० मीटर गेल्यावर वाऱ्याच्या एका झोताने ती कलली, खालच्या मजल्यावरच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत आलं आणि ती बंदरातच बुडाली. १९६१ मध्ये वर काढली, आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभी आहे. तळाशी दगडांचं नीरम, म्हणजे तोल राखायला भरलेलं वजन, होतं, १२० टनांच्या आसपास, पण वरच्या भाराला ते पुरलं नाही. आणखी दगड भरावेत तर जहाज खाली बसून खालच्या खिडक्या पाण्याला आणखी जवळ आल्या असत्या.

खेळाडूंना हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. एक लिटरची प्लास्टिकची पाण्याची बाटली उभी चिरून अर्धी करा आणि बादलीत तरंगत ठेवा. पाच-सहा नाणी तिच्या तळाशी सेलोटेपने पक्की चिकटवा. कड बोटाने खाली दाबून सोडा, ती पुन्हा सरळ होते. आता तीच नाणी काढा, दोन रिकाम्या काडेपेट्या एकमेकींवर उभ्या चिकटवून बाटलीत बसवा आणि नाणी त्यांच्या टोकावर लावा. हात सोडताच बाटली उलटते. वजन तेवढंच, नाणी तीच, फक्त जागा बदलली. गोल पोटाच्या सांगाड्यात सगळ्याचा मिळून भारमध्य कडेच्या वर गेला की त्याला सावरायला काही उरत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला खेळाडू "नाळेवर बुरूज बांधू" म्हणायच्या आधी थांबतो. कळमन्याच्या बाजाराला निघालेला, संत्र्याच्या पेट्यांनी टपापर्यंत भरलेला ट्रक वळणावर कसा झुकतो, ते तर त्यानेही पाहिलेलं असतंच.

शीटवर याचा हिशेब असा लिहा. डेकवर ठेवलेल्या प्रत्येक टनाला १ गुण. डेकच्या वर, म्हणजे बुरूज किंवा मचाणावर, प्रत्येक टनाला २ गुण. खालच्या मजल्यावर ० गुण, पण तिथली शस्त्रं खवळलेल्या समुद्रात वापरायची तर खिडक्या उघडाव्या लागतील, आणि त्याचं काय होतं ते वासाने दाखवलंय. तळात भरलेलं दर २ टन नीरम १ गुण कमी करतं. ते नीरम आणि वर लावलेलं सगळं वजन १०० टनांच्या मालाच्या जागेतूनच वजा होतं.

१२ गुणांपर्यंत जहाज निर्धास्त. १३ ते २४ असतील तर वादळात किंवा तीव्र वळण घेताना सुकाणूवाल्याने डीसी १० ची तपासणी द्यावी, म्हणजे फासा टाकून निदान १० आणावेत. चुकली तर त्या फेरीत जहाजावरून कोणतंही शस्त्र डागता येत नाही. २५ किंवा जास्त असतील तर डीसी १५, आणि पाचने किंवा जास्तने चुकली तर पाणी आत. हे आकडे आमच्या घरचे आहेत. तुमच्या टेबलावर कडक वाटले तर १२ चे १५ करा. नीरमाचं प्रमाण मात्र सैल करू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

रानगव्याचा हिशेब

उदाहरण म्हणून एक जहाज घेऊ. नाव रानगवा, साधं शिडाचं, शंभर फूट लांब, वीस फूट रुंद. खेळाडूंची यादी: डेकवर सहा तोफा, दोन्ही बाजूंना पत्रे, नाळेवर बुरूज आणि त्यावर एक मँगोनेल, म्हणजे दगडफेकं यंत्र.

गाडा, गोळे, दारू धरून एक तोफ २ टन, म्हणजे सहा तोफांचे १२ टन आणि १२ गुण. पत्रा एका बाजूला ६ टन, दोन्ही मिळून १२ टन, आणखी १२ गुण. बुरूज ५ टन, मँगोनेल ३ टन, आणि दोन्ही उंचावर असल्यामुळे १६ गुण. बेरीज ४०. निर्धास्त व्हायचं तर २८ गुण कमी करायला हवेत, म्हणजे ५६ टन नीरम. वरचं वजन ३२ टन, खालचं ५६. शंभरातून माल भरायला उरले १२ टन.

आता माणसं. तोफ डागायला तीन क्रिया लागतात: भरणे, नेम धरणे, डागणे. एक माणूस फेरीत एकच क्रिया करतो, त्यामुळे दर फेरीला वाजवायची तर तीन माणसं हवीत. सहा तोफांना १८. मँगोनेलला भरायला दोन, नेमाला दोन, सोडायला एक, अशी पाच. झाली २३. शिडं आणि सुकाणू सांभाळायला निदान आठ जण धरा. एकूण ३१, आणि जहाजाचा ताफा वीस जणांचा. वरच्या अकरा जणांना भरती करायचं. कुशल माणसाची मजुरी नियमांत दिवसाला २ सुवर्णमुद्रा आहे, म्हणजे ३१ जणांची महिन्याची १,८६०. नियमांनुसार प्रत्येकाला रोज एक गॅलन पाणी आणि एक पौंड अन्न. महिन्याच्या सफरीला पाण्याचेच साडेतीन टन होतात, अन्नासह चार. उरलेल्या १२ टनांतले चार तिथेच गेले. आठ टन मालावर हे जहाज व्यापार काय करणार आणि १,८६० कुठून आणणार? खेळाडू हा हिशेब स्वतः मांडतात आणि स्वतःच म्हणतात, "चार तोफा पुरे, बुरूज काढ." डीएमला नाही म्हणावंच लागत नाही.

जागेचा हिशेब तर त्याहून सोपा. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. पाच फुटांचं एक घर धरलं तर डेक वीस घरं लांब आणि चार घरं रुंद. नाळ आणि मागचं टोक निमुळतं, मध्ये डोलकाठ्या, मालखान्याचं झाकण. हातात साठेक घरं येतात. तोफ, बॅलिस्टा, मँगोनेल हे तिन्ही नियमांत लार्ज आकाराचे, म्हणजे प्रत्येकाला दोन बाय दोन घरं. पुठ्ठ्याचे तेवढे चौकोन कापून डेकवर ठेवायला द्या. दोन तोफा पाठीला पाठ लावून ठेवल्या की चार घरांची रुंदी संपली, आणि पुढच्या भागातून मागच्या भागात जायला वाटच उरली नाही. मग कोणीतरी विचारतं, तोफा पुढे-मागे ठेवल्या तर? तिथून खरी जहाजबांधणी सुरू होते.

वजन न वाढवता जहाज वेगळं कसं करायचं

मर्यादा घातल्या आणि थांबलात तर खेळाडू हिरमुसतात. त्यांना बदल हवेत, आणि ते द्यायलाच हवेत. फक्त असे द्या, ज्यांत काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं.

शिडांपासून सुरू करा. चौकोनी शिडांचं जहाज मागून वारा असेल तर सुसाट जातं, पण वाऱ्याच्या दिशेशी साठ-सत्तर अंशांपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. अरबी समुद्रात शतकानुशतकं चाललेली त्रिकोणी शिडं वाऱ्याच्या बरीच जवळ, पन्नासेक अंशांपर्यंत नेता येतात, मात्र वाऱ्याची बाजू बदलताना ते लांबलचक परभाण, म्हणजे शीड बांधलेला वासा, डोलकाठीच्या पलीकडे न्यायला माणसं लागतात. नकाशावर दर सेशनला वाऱ्याचा बाण काढा. बस, एवढ्यावर दोन जहाजं पूर्णपणे वेगळी वाटायला लागतात. पाठलाग करणाऱ्या चौकोनी शिडांच्या युद्धनौकेला चुकवायला त्रिकोणी शिडांचं जहाज सरळ वाऱ्याकडे तोंड वळवतं, आणि मागचं जहाज हात चोळत राहतं.

मग सांगाड्याची खोली. आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराबा आणि गलबतं यासाठी नीट पाहण्यासारखी आहेत. गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पाण्यात कमी बुडणारी. नाळ खुजी आणि पुढे आलेली, तिच्या मागून दोन तोफा थेट समोर मारा करायच्या. गलबत सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतं गुराबांना ओढून न्यायची. मोठी युरोपीय जहाजं किनाऱ्यापासून लांब थांबायची आणि ही खाड्यांमध्ये शिरायची. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, तोवर या किनाऱ्यावर त्यांच्या आरमाराला सगळे वचकून होते. खेळात आणायचं तर नियम एका ओळीचा: वरचं वजन, नीरम आणि माल मिळून ५० टनांच्या वर गेलं की जहाज खाडीत शिरू शकत नाही. आता तोफांची खरी किंमत दिसते. रानगवा खाडीत पळून जाऊ शकत नाही, गलबत जाऊ शकतं.

लाकूडही विसरू नका. आम्ही विदर्भातली माणसं, आलापल्लीच्या सागाची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. सागाच्या अंगात तेल असतं, तो पाण्यात लवकर कुजत नाही, जहाजाला पोखरणाऱ्या किड्यालाही फारशी दाद देत नाही, आणि त्यातल्या लोखंडी खिळ्यांना तसा गंज चढत नाही, जसा ओकच्या आम्लाने चढतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागात बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून तरंगते आहे. तुमच्या जगात सागासारखं एक महाग लाकूड असू द्या. त्याच्या सांगाड्याला एचपी जास्त देऊ नका, दुरुस्तीचा वेळ अर्धा करा. खेळाडूंना गोदीत घालवलेले आठवडे आवडत नाहीत, त्यामुळे या बदलासाठी ते आनंदाने पैसे मोजतात. डीएमचंही काही बिघडत नाही.

तरीही लढाई रेंगाळत असेल

मग कारण बहुधा जहाजात नसून टेबलावर आहे. कॅप्टन एकटा बोलतो आणि बाकीचे फोन बघतात. जहाजाचा एकेक भाग एकेका खेळाडूच्या नावे करून टाका: सुकाणू एकाकडे, शिडं दुसऱ्याकडे, तोफा तिसऱ्याकडे, खलाशी आणि दुरुस्ती चौथ्याकडे. प्रत्येक भागाचं वेगळं शीट, वेगळे एचपी. शिडांना एसी १२ आणि १०० एचपी द्या, दर २५ नुकसानाला वेग १० फुटांनी कमी. अशाने सांगाडा बुडायच्या आधी लढाईचा निकाल लागतो, कारण शिडं फाटलेलं जहाज पळू शकत नाही. शत्रूच्या कॅप्टनलाही शरण यायची अक्कल द्या.

जादूचं थोडक्यात. फायरबॉल या मंत्राचं नुकसान सरासरी २८ आणि पल्ला १५० फूट, म्हणजे शिडांना चार लागले की संपली. त्यामुळे दोन्हीकडचे जादूगार आधी पल्ल्याचा विचार करतात, आणि तो चांगलाच आहे, काढू नका. गस्ट ऑफ विंड हा वाऱ्याचा मंत्र शिडात फुंकून वेग वाढवायचा हट्ट होतोच. मंत्राची मिनिटभर मुदत आहे तेवढाच वेळ, एकाच शिडाला, लढाईत चालू द्या. प्रवासाच्या वेगात त्याला धरू नका. मेंडिंग या दुरुस्तीच्या मंत्राने फूटभराची फट सांधते, पण एचपी परत येत नाहीत.

चालू कॅम्पेनमध्ये जहाज आधीच बिघडलेलं असेल तर

ते बुडवू नका. खेळाडूंनी महिने घालून सजवलेलं जहाज डीएमने नियम सुधारण्यासाठी बुडवलं की त्यांचा विश्वास जातो, आणि पुढच्या कॅम्पेनमध्ये ते जहाज घेतच नाहीत. त्याऐवजी टेबलावर सरळ सांगा की हिशेब बदलतोय, आणि का बदलतोय. एक सेशन गोदीत ठेवा. लावलेल्या प्रत्येक गोष्टीचे पूर्ण पैसे परत द्या, कटौती नको, आणि नवीन शीट, चौकटीचं पान, पुठ्ठ्याचे चौकोन समोर ठेवून जहाज पुन्हा बांधायला सांगा. थ्रेशोल्ड १५ वर परत. शत्रूच्या जहाजांनाही हेच नियम लागू करा आणि त्यांची शीटं खेळाडूंना पाहू द्या, निदान पहिल्या लढाईपुरती. पुढच्या बंदरात उंच बुरुजाची, तोफांनी खचाखच भरलेली युद्धनौका नांगरलेली दिसली की ते तिला घाबरायच्या आधी तिचे गुण मोजायला बसतील, आणि वादळ कधी येणार ते विचारतील.